कावळा शिवलेलं चंद्रबिंब

आमचं 'चंद्रबिंब' एका कावळ्यानं बुडवलं, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. ते खरं नाही. कावळ्यानं आपलं काम केलं आणि तो उडून गेला. बुडवलं ते मी, याच तोंडानं. आता तोंडात दात उरले नाहीत आणि ज्यांची भीती वाटावी ती माणसंही उरली नाहीत, तेव्हा कबूल करून टाकतो.

चंद्रबिंब हे बाटलीतलं नारिंगी पेय होतं. तुम्ही ते प्यायला असाल तर तुमचं वय मला सांगू नका, मी ओळखलं. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं त्या वर्षांतली गोष्ट. मेहकरात बापूंची सोडावॉटरची फॅक्टरी होती. फॅक्टरी हा शब्द बापूंचा. बघणाऱ्याला दिसायची ती पत्र्याची एक लांबट खोली, पाण्याचा हौद, हातानं फिरवायचं एक मशीन आणि ते फिरवणारे रहेमानभाई. मी माल खपवायचो. लाकडी पेट्या एसटीच्या टपावर चढवायच्या, बाजाराच्या गावी उतरवायच्या, पानठेल्यांवर आणि हॉटेलांत द्यायच्या आणि रिकाम्या बाटल्या गोळा करून परत आणायच्या. यातलं शेवटचं काम सगळ्यात महत्त्वाचं. बाटल्या काचेच्या, दुरून यायच्या, सहज मिळायच्या नाहीत. आतलं पेय सांडलं तर बापू काही बोलत नसत. बाटली गावात राहिली तर दोन दिवस जेवत नसत. फॅक्टरीची बाटली फॅक्टरीत आली पाहिजे, हे वाक्य मी झोपेतही म्हणायचो असं माझी बायको सांगते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, सोडा भरण्यात काय कठीण आहे? त्या बाटल्या गोटीच्या होत्या. गळ्यात काचेची गोटी, तोंडाशी आतून रबराची चकती. बाटलीत आधी सरबत घालायचं, मग ती मशीनमध्ये उलटी धरून पाणी आणि गॅस सोडायचा. गॅसच्या जोरानं गोटी रबराला जाऊन घट्ट बसते आणि तीच बूच होते. फोडताना अंगठ्यानं गोटी आत दाबली की फट्ट आवाज निघतो, आणि त्या आवाजासाठीच अर्धे लोक पितात. काच कच्ची असली की तोच आवाज मशीनमध्येच निघतो. म्हणून रहेमानभाई डोळ्यांवर तारेची जाळी आणि हातांना गोणपाट बांधून बसत. त्यांच्या हनुवटीवर तीन खुणा होत्या. कुठली खूण कुठल्या उन्हाळ्यातली, हे ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगून टाकत.

गुपित होतं ते सरबतात. साखर, रंग, संत्र्याचा अर्क, लिंबाचं फूल म्हणून मिळते ती आंबट पांढरी पूड, आणि वर सुंठ. हे सगळ्यांना ठाऊक होतं. माप मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. रोज सकाळी बापूंच्या घरून फडक्यानं तोंड बांधलेली घागर यायची. बापू म्हणायचे, माप माझ्या डोक्यात आहे. ते म्हणताना ते डोक्यावरची टोपी सारखी करायचे, जणू माप वाऱ्यानं उडून जाईल.

पहिल्या उन्हाळ्यात चंद्रबिंब कुणी हातात धरेना. लोकांना मीठ टाकलेला साधा सोडा हवा असायचा. नारिंगी रंग पाहून एका म्हाताऱ्यानं मला विचारलं होतं की हे जनावराच्या कोणत्या रोगावर देतात. तेव्हा मला एक युक्ती सुचली आणि तिचा अभिमान मला आजही आहे. एका लग्नात मी दोन पेट्या नेल्या आणि मुलीच्या बापाला सांगितलं, व्याह्याला ग्लासात देऊ नका. बाटली त्याच्या हातात द्या आणि त्याच्या समोर फोडा. प्रत्येकाची वेगळी बाटली, प्रत्येकाचा वेगळा आवाज. आपल्याकडे व्याह्याला काय हवं असतं? पोट त्याचं घरीही भरतं. आपल्यासाठी काहीतरी फुटलं पाहिजे, एवढंच त्याला हवं असतं.

पुढच्या लगीनसराईत लग्नाच्या बोलण्यांत चंद्रबिंब येऊ लागलं. टोपी, उपरणं, आणि वराकडच्या लोकांना चंद्रबिंब. धाड गावी एका लग्नात पेटीच आली नाही, कारण ती चढवलेली एसटी वाटेत बंद पडली होती. वऱ्हाड मारुतीच्या पारावर बसून राहिलं. नवरदेवाच्या मामानं सांगितलं की बाटल्या आल्याशिवाय आम्ही मांडवात पाय ठेवत नाही. मी पेटी एका जीपमध्ये घालून निघालो आणि शेवटचा पल्ला डोक्यावर घेऊन धावत आलो. मला येताना पाहिलं आणि वाजंत्र्यांनी नवरदेवाला सोडून माझ्यासाठी वाजवायला सुरुवात केली. तेवढा मान मला माझ्या स्वतःच्या लग्नात मिळाला नाही.

बापूंनी फॅक्टरीच्या दारावर चंद्र रंगवून घेतला. चंद्र जरा भोपळ्यासारखा झाला होता, पण कुणी बोललं नाही. ते दिवस चांगले होते.

आता नानांकडे येतो. नाना म्हणजे मेहकरजवळच्या एका खेड्यातले भाजीवाले शेतकरी. वांगी, मिरची, कोथिंबीर घेऊन दर बाजाराला यायचे. भाजी विकली की मी माल देत असलेल्या पानठेल्यावर येऊन एक चंद्रबिंब प्यायचे, उभ्यानं, डोळे मिटून. दोन वर्षं एकही बाजार चुकला नाही. मग नाना वारले. इतकं प्रामाणिक गिऱ्हाईक गेलं म्हणून मी त्यांच्या दहाव्याला नदीवर गेलो.

पिंड मांडले, सगळे लांब उभे राहिले. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. नानांचा थोरला मुलगा गणपत पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला की धाकट्या बहिणीचं लग्न चांगल्या घरी करून देईन. कावळे जागचे हलले नाहीत. मग मागून धाकट्या भावानं हळूच सुचवलं की विहिरीच्या पाण्याचं बोला. गणपतनं कबूल केलं, पाणी अर्धं अर्धं. कावळे तसेच. मग मेव्हण्यानं बांधावरच्या आंब्याचं सुचवलं. मग चुलत्यानं पांढऱ्या बैलाचं. नानांच्या इच्छा एकाएकी फार वाढल्या होत्या, आणि प्रत्येक इच्छा बोलणाऱ्याच्याच फायद्याची निघत होती. ऊन डोक्यावर आलं. गणपतनं बैल दिला, आंबा दिला, धाकट्याला माळावरचं गोठ्याचं पत्र्याचं छप्परही दिलं. कावळे बघत होते.

आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी सायकल काढली, फॅक्टरीतून एक बाटली आणली आणि सगळ्यांसमोर गोटी दाबली. फट्ट झालं आणि झाडावरचे सगळे कावळे उडून गेले. लोक माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते ती मला अजून आठवते. मी मान खाली घालून द्रोणात चंद्रबिंब ओतलं आणि मागे सरलो. थोड्या वेळानं एक कावळा परत आला. द्रोणात चोच घातली, मान वर केली, परत घातली. मग पिंडाला शिवला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मलाही भरून आलं. नाना उभ्यानं डोळे मिटून प्यायचे तेच माझ्या डोळ्यांसमोर आलं.

गणपत माझ्याजवळ आला. मला वाटलं, आभार मानतोय. तो कानाशी येऊन म्हणाला, "हे थोडं आंधी काऊन नाही सुचलं बे तुले? बैल गेला ना माह्या."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी विकणारा माणूस. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक पानठेल्यावर, प्रत्येक हॉटेलात, एसटीच्या टपावर पेट्या बांधताना खालच्या प्रवाशांना मी ही गोष्ट सांगितली. विहीर, आंबा, बैल, छप्पर, सगळं रंगवून. शेवटी म्हणायचो, मेलेल्या माणसालाही सोडवलं नाही, अशी चव आहे. लोक पोट धरून हसायचे आणि बाटली घ्यायचे. वरवट बकाल हे गाव जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथं मी बऱ्याच दिवसांनी गेलो, तर गोष्ट माझ्याआधी पोचली होती. हॉटेलवाल्यानं ती मलाच सांगितली. त्याच्या गोष्टीत कावळे सात होते आणि त्यांनी बाटली रांगेनं प्यायली होती.

आठ-पंधरा दिवस माल असा गेला की रहेमानभाईंचा खांदा धरला. मग एके दिवशी फॅक्टरीच्या दारात एक माणूस उभा राहिला. डोकं भादरलेलं. म्हणाला, उद्या वडिलांचा दहावा आहे, एक बाटली द्या. बापूंनी आनंदानं दिली. दुसऱ्या आठवड्यात असे चार जण आले. मग कुणी आजारी पडून अंथरुणाला खिळला की शेवटी चमचाभर चंद्रबिंब तोंडात घालू लागले. मेल्यावर अडचण नको, आधीच इच्छा पुरी केलेली बरी, असा त्यात हिशेब. ज्यांनी जन्मात आमची बाटली पाहिली नव्हती त्यांच्या तोंडातही ती जाता जाता पडली.

मी पेटी घेऊन दुकानात शिरलो की दुकानदार विचारू लागले, कोण गेलं? एका ओळखीच्या घरी मी उन्हातून आलेल्या आजोबांना सहज बाटली दिली, तर आजोबांचा चेहरा पांढरा पडला आणि सुनेनं मला उंबऱ्याबाहेर काढलं. म्हणाली, "आमच्या घरचे समदे धडधाकट हायेत. पेटी उचला तुमी."

बापू रोज संध्याकाळी दारातल्या चंद्राखाली बसून विचारायचे, "पल्हाद, हे उठवलं कोनं असन बे?" मी म्हणायचो, लोक हो बापू, लोकांच्या तोंडाला कुठं झाकण असतं. असं म्हणताना माझे कान तापायचे. एकदा तरी सांगावं असं वाटायचं. जीभ जिल्हाभर धावली होती, पण त्या दोन हातांच्या अंतरावर तिला पाय फुटत नव्हते.

बापूंना वाटत होतं, ही एक लाट आहे, ओसरेल. आणि त्यांच्या हातात एक हुकमी पान होतं. त्यांच्या एकुलत्या मुलीचं लग्न ठरलं होतं. त्या मांडवात शंभर लोकांच्या देखत चंद्रबिंब फोडायचं, व्याह्यांच्या हातात द्यायचं. एकदा ते लग्नात परत आलं की दहाव्यातून सुटलं, असं त्यांचं गणित. फॅक्टरी चालणार की नाही, ते त्या दिवशी ठरणार होतं. त्या महिन्यात त्यांनी घागर रोज मोठी भरून पाठवली. रहेमानभाईंनी एकही कच्ची बाटली घेतली नाही. मी प्रत्येक बाटली ओल्या फडक्यानं पुसली.

वऱ्हाड आलं. बापू स्वतः नव्या धोतरात पुढे झाले आणि व्याह्यांसमोर पहिली बाटली फोडली. आवाज छान निघाला. मग दुसरी, तिसरी. व्याही सभ्य माणूस होता, त्यानं बाटली हातात घेतली. सगळ्यांनी घेतल्या. कुणीच तोंडाला लावेना. इकडचं तिकडचं बोलत राहिले, पाऊसपाणी, रस्ते, पाहुणे. तेवढ्यात नवरदेवाची आजी, बाजेवर बसलेली, मोठ्यानं म्हणाली, "हे तं दहाव्याचं पानी होये. माह्या नातवाच्या लग्नात कायले आनलं?"

कुणी हसलं नाही. व्याह्यांनी विषय बदलला आणि जेवणाची पंगत बसवायला सांगितलं. लोक उठले तेव्हा मी पाहिलं, बाजांखाली, सतरंजीच्या कडेला, मांडवाच्या खांबांपाशी भरलेल्या बाटल्या उभ्या होत्या. एकही घोट कमी नाही. बापू वाकून वाकून त्या गोळा करत होते. मुलीचा बाप, स्वतःच्या मुलीच्या मांडवात, नव्या धोतरात. मी धावत गेलो तर म्हणाले, "राहू दे. तू वाढाले जाय." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि म्हणूनच मला तिथं उभं राहवेना. मी मांडवामागे जाऊन तोंड धुतलं.

नंतर आम्ही एक शेवटचा प्रयत्न केला. रंग हिरवा केला, नाव 'सूर्यबिंब' ठेवलं. पहिल्याच बाजारात एका गिऱ्हाइकानं बाटली उजेडात धरून विचारलं की हे तेराव्याचं का? त्या संध्याकाळी बापूंनी दारातला चंद्र चुन्यानं पुसून घेतला. चुना पातळ होता, चंद्र खालून दिसत राहिला. फॅक्टरी पुढे साधा सोडा भरत राहिली आणि मग तोही थांबला. रहेमानभाई गिरणीत कामाला लागले. मी एसटी स्टँडवर कँटीनमध्ये लागलो आणि चहा विकू लागलो. चहाची मी आजवर एकही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

बऱ्याच वर्षांनी बापू गेले. निरोप आला आणि मला नानांचा दहावा आठवला. बापूंची इच्छा कशात अडकलेली असणार हे सांगायला भटजी लागत नव्हता. माझ्याकडे एक रिकामी बाटली होती. फॅक्टरी बंद झाली त्या दिवशी मी ती आणली होती, विचारून नाही. दहाव्याच्या सकाळी मी घरात सरबत केलं. साखर, रंग, अर्क, लिंबाचं फूल, अंदाजानं सुंठ. गॅसऐवजी खायचा सोडा टाकला आणि बाटली पटकन उलटी केली. गोटी जागेवर बसली. रहेमानभाईंनी पाहिलं असतं तर चौथी खूण उमटवून घ्यायला हनुवटी पुढे केली असती.

पिशवीत बाटली घालून मी नदीवर गेलो. मनात ठरवलं होतं, कावळा अडला की पुढे व्हायचं, बाटली फोडायची आणि सगळ्यांदेखत सांगायचं की बापू, ते मी उठवलं होतं, माफ करा. वाक्य मी वाटेत तीनदा म्हणून पाहिलं.

पिंड मांडला, लोक मागे सरले, आणि पहिला माणूस लांब जाऊन उभा राहतो न राहतो तोच कावळा आला आणि शिवून गेला. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस. मला रागच आला. आयुष्यभर ज्यासाठी झुरले त्याची एवढीशीही ओढ राहू नये? माझा हात पिशवीतच राहिला, वाक्यही.

घाटावरून आम्ही बापूंच्या घरी गेलो. ओसरीवर पुरुष बसले होते. काकू, म्हणजे बापूंची बायको, भिंतीला टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे पाहून त्यांनी विचारलं की पिशवीत काय आहे. मी बाटली काढली. ओसरीवरचे चार-सहा जण नकळत मागे सरकले. मग माझ्यानं राहवलं नाही. काकूंच्या पुढ्यात बसून मी सगळं सांगितलं. पानठेले, हॉटेलं, एसटीचा टप, वरवट बकालचे सात कावळे. माफी मागितली आणि खाली मान घालून बसलो.

काकू म्हणाल्या, "त्याइले मालूम होतं."

मी वर पाहिलं.

"पह्यल्याच हप्त्यात समजलं होतं. म्या म्हनलं, काढून टाका त्या पल्हादले. तं म्हने, आठ दिवसात सारा जिल्हा फिरवला पोट्ट्यानं एका कावयावर. असा इकनारा मले दुसरा कुठं भेटीन?"

"मंग रोज मले काऊन इचारत होते, कोनं उठवलं म्हनून?"

"तू कव्हा सांगतं, ते पाहून राह्यले होते."

  काकूंनी बाटली माझ्या हातातून घेतली, पदरानं तिचं तोंड पुसलं आणि अंगठा ठेवला. एका दमात गोटी आत. इतक्या सराईतपणे फॅक्टरीतही कुणी फोडत नसे. सगळ्यांदेखत त्यांनी दोन घोट घेतले, तिसरा तोंडात घोळवला आणि गिळला.

"सुंठ कमी पडली," त्या म्हणाल्या. "घागरीले मूठभर टाकत होती मी. माह्या मुठीनं."

म्हणजे एवढी वर्षं माप बापूंच्या टोपीखाली नव्हतंच. मी काकूंच्या मुठीकडे पाहत राहिलो. त्यांनी बाटली माझ्यापुढे धरली, पी म्हणाल्या. सुंठ खरंच कमी होती, खायच्या सोड्याची चव जिभेवर चढत होती, आणि मी ते शेवटपर्यंत प्यालो. पलीकडच्या एका म्हाताऱ्यानं थोडं राहिलं का म्हणून विचारलं, पण उरलं नव्हतं.

उठलो आणि सवयीनं रिकामी बाटली पिशवीत घातली. दारापर्यंत गेलो असेन, तेवढ्यात मागून काकूंचा आवाज आला.

"बाटली ठेवून जाय, पल्हाद. फॅक्टरीची होये."

मी परत फिरलो आणि बाटली त्यांच्यापाशी ठेवली. माझ्या हातून तेवढी एकच परत यायची राहिली होती.